मागच्या बाजूला जागा आहे

सल्ला देता येत नाही आम्हाला.
काचेवर तसं लिहिलंय, दोन भाषांत,
आणि खाली कुणीतरी नखानं खरवडलंय
तिसऱ्याच भाषेतलं काहीतरी.

ओडिलिया बारागान. नाव विसरले नव्हते मी.
गेल्या ऑक्टोबरात आली तेव्हा
डावा हात बाहीत ओढून घेतलेला,
सही करताना कागद सरकत राहिला.
मी काचेखालून बोट घालून दाबून धरला.
बोटाबद्दल नियम नाही.

आज दोन्ही हात.
नखांत सफरचंदाचं मेण,
पॅकिंग शेडमधून थेट आलेली, केसांवरची जाळी तशीच.
पर्समधून काढला गेल्या वर्षीचा आदेश,
घड्यांवर विरलेला, चिकटपट्टीनं सांधलेला.
"एक प्रत गाडीत असते, एक शाळेत,
एक सुपरवायझरकडे. ही उशाखालची."

मुदत संपायला अकरा दिवस.

बदलांचं तिनं भरभर लिहिलं:
मुलीला सोपवायची जागा पेट्रोल पंप नको,
वाचनालय हवं. पंपावर उतरताना नायेली ओकते.
वाचनालयात मासे आहेत, मोठ्या टाकीत.
पत्ता गुप्त ठेवावा, ही चौकट
तिला न शोधता सापडली.

मग सातवा प्रश्न.
गेल्या वर्षभरात प्रतिवादीने काय केले?
पेन थांबलं. रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं.
तिनं लिहिलं, काही नाही,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.

काही नाही.
बावीस वर्षं बसते मी या खिडकीशी.
हे दोन शब्द अशा फायलींत वाचलेत
ज्या पुढे पुन्हा उघडाव्या लागल्या, वरच्या मजल्यावर,
वेगळ्या रंगाच्या पुठ्ठ्यात.

जिभेच्या टोकावर आलं होतं:
बाई, एप्रिलात या याकिमा खोऱ्यात
रात्रभर पंखे फिरवतात बागांमधून,
मोहोर गोठू नये म्हणून.
सकाळी मोहोर शाबूत दिसला
तर कुणी म्हणतं का, हिव पडलंच नव्हतं,
पंखे विकून टाका?

पलीकडून व्हर्लीन बघत होती.
मी एवढंच म्हटलं, "जागा कमी पडली
तर मागच्या बाजूला लिहिता येतं."
"पुरली जागा."
"मागची बाजू अख्खी कोरी आहे," मी म्हटलं.
"न्यायाधीश तीही वाचतात."
हे थोडंसं खोटं होतं.
कधी वाचतात. कधी जेवायची वेळ झालेली असते.

ती बाकावर जाऊन बसली. चाळीस मिनिटं.
शिक्का मारताना वाचायचं नसतं. मी वाचलं.

पांढरा पिकअप गुरुवारी शेडसमोरून जातो, हळू.
थांबत नाही. कुठे थांबायचं नाही ते त्याला पाठ आहे.
नायेलीच्या वाढदिवसाला त्याच्या आईनं केक पाठवला,
त्यावर आम्हा तिघांची नावं होती.
मार्चमध्ये मी पहिल्यांदा
खिडकी उघडी ठेवून झोपले.
मग दोन ओळी खोडलेल्या, इतक्या जोरानं
की कागद फाटलाय.
मग: मुलगी विचारते, अकरा दिवसांनी
बाबाला चालेल का यायला.

शाई फिकी पडली. शिक्का दोनदा मारला.
"तेवीस तारीख, साडेआठ."
"तोही येईल?"
"नोटीस जाईल त्याला."
"एकाच खोलीत?"
ही माहिती, हा सल्ला नव्हे.
"हो. बाक वेगळे."
"बरं," ती म्हणाली. काचेत स्वतःकडे पाहिलं,
जाळी काढायला हात नेला,
शिफ्ट आठवली, राहू दिली.

तेवीसला माझी रजा आहे, दातांचं काम.
फाइल वर कोण नेईल, माहीत नाही.
पिना काढून कागद पुन्हा लावले मी,
सातव्या प्रश्नाचं पान
उलटं, मागची बाजू वर.
व्हर्लीनला वाटलं, चुकून.